डेन्झिलच्या शेजारची जागा

लॉरेल खोरं, केंटकी
१४ एप्रिल २००८

झेला,

प्रभूच्या नावाने सलाम. तू बरी असशील. तुझ्या धुराड्यातून रोज सकाळी धूर निघतो तो मला ओसरीतून दिसतो, म्हणजे जिवंत आहेस एवढं कळतं. हे पत्र आधी गाडीतून शहरात जाईल, तिथे ठप्पा खाईल, आणि परत याच ओढ्याच्या काठाने वर तुझ्या दारी येईल. चालत आलं असतं तर लवकर पोचलं असतं. पण तुझ्यामाझ्यात चालत जाणं कुठे राहिलंय? दोन मयतींना भेटलो, मान हलवली, झालं.

इकडची खबर. थंडी गेली. रानकांदा निघाला. ट्रेसाने टोपलीभर आणून बटाट्यात परतला आणि घरभर वास करून ठेवला. माझी ही नात शहरातली नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आली आहे. का सोडलीस म्हणून विचारलं तर म्हणते, "आजी, मला कंटाळा आला होता." खोटं बोलायला अजून नीट शिकली नाही. कोंबड्या मी देऊन टाकल्या. लाल तेवढी ठेवली, ती कुणी घेईना. चावते.

आमच्या देवळात नवा पाळक आलाय. पोरगेलाच आहे, केस चोपून बसवतो. तो जुना चादरीवरचा जगाच्या अंताचा नकाशा तुला आठवत असेल. गार्लंडच्या बापाने रंगवलेला, सात शिक्के, चार घोडे, समुद्रातून निघणारं ते श्वापद. चादर आपल्या आईची होती आणि त्याने ती परत दिली नाही, हेही आठवत असेल. तर हा नवा पोरगा तेच सगळं आता भिंतीवर यंत्राने दाखवतो. श्वापदाची शिंगं हलतात. म्हाताऱ्या बायका दचकतात. मला झोप येते. जग संपायचं तेव्हा संपेल, माझी पाठ आधी संपली.

त्या चादरीच्या मधोमध एक काळी रेघ होती, शेवटच्या सात वर्षांच्या महासंकटाची. विश्वासणारे त्या रेघेच्या आधी वर स्वर्गात उचलले जाणार की नंतर, एवढ्यावरून एका देवळाची दोन देवळं झाली. तुम्ही नंतरवाले, आम्ही आधीवाले. तू नवऱ्याच्या मागे गेलीस, मी माझ्या. देव आमचाच आहे असं दोन्हीकडे ठणकावून सांगत होते आणि तो बिचारा कुणाकडे जेवायला गेला कुणास ठाऊक. मग कबरस्तानातही कुंपण घातलं. आमच्या होबार्टनेच खांब ठोकले. म्हणायचा, आम्ही सात वर्षं आधी उठणार, उठताना तुमची गर्दी नको. मी खांब धरून उभी होते. तो म्हणाला, कुंपण सरळ जायला हवं. सरळ गेलं.

आता होबार्ट फाटकाजवळ झोपलाय, पाय पूर्वेला, सगळ्यांसारखा. त्याच्या शेजारची जागा माझी. परवा ट्रेसा म्हणाली, "आजी, हल्ली लोक जाळून घेतात, सोपं पडतं." मी म्हटलं, "बाई, मातीतून माणूस करणं देवाला जमलं, राखेतूनही जमेल. पण म्हाताऱ्याचं काम मी कशाला वाढवू?" ती हसली आणि मग चुलीकडे तोंड करून उभी राहिली बराच वेळ.

विचारायचं होतं ते असं. मी मागच्या आठवड्यात कबरस्तानात जाऊन आले. चढ चढायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. कुंपणापलीकडे तुझा दगड उभा आहे, नाव कोरलेला, खाली मरणाच्या तारखेची जागा मोकळी. एका बाजूला तुझा आर्व्हिल. दुसऱ्या बाजूला तो, माझा डेन्झिल, कुंपणाच्या आधीपासूनचा. तो आणि मग लगेच कुंपण. कुंपणाच्या आमच्या बाजूला त्याच्याजवळ नुसता खडक आहे, सुरुंग लावल्याशिवाय खड्डा व्हायचा नाही, आणि तिथे सुरुंग मी लावू देणार नाही.

तुझी जागा मला दे. आर्व्हिलच्या पलीकडे तुझ्यापुरती माती आहे, मी कुंपणावरून वाकून पाहिली.

लगेच नको. डॉक्टर म्हणतो सफरचंदं उतरेपर्यंत. मी विचारलं, कुठली, लवकरची की उशिराची? त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. ट्रेसाला हे मी तुला लिहिलंय असं सांगू नकोस, आणि मला भेटायला तोंड पाडून येऊ नकोस.

तुझी बहीण असं लिहायला हात वळत नाही, पण आहे.

ऑर्फा


लॉरेल खोरं, केंटकी
२० मे २००८

झेला,

सलाम. रविवारी तुमच्या देवळाबाहेर गाडीपाशी तू विचारलंस, "आणखी काही म्हणायचंय का?" मी म्हटलं, नाही. होतं. म्हणून हे.

आधी तुझ्या उत्तराचं. चारच ओळी लिहिल्यास, 'जागा घे. आर्व्हिलला मी पलीकडून सांभाळीन. पण गार्लंडला विचारावं लागेल. रविवारी ये.' मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. नाही म्हणाली असतीस तर भांडता आलं असतं, मला ते जास्त जमतं. हो म्हणालीस आणि मी पत्र हातात घेऊन लाल कोंबडीसमोर बसून राहिले.

देवळात काय झालं ते तुला निम्मंच कळलं असणार. मागच्या बाकावर बसून तू कानामागे हात धरला होतास आणि चुकीच्या ठिकाणी मान हलवत होतीस. तर ऐक.

तुमचा पाळक गार्लंड उभा राहिला. बापाचं पोट आलंय त्याला, आवाज नाही आला. म्हणाला, "बहीण ऑर्फा, झेलाबहिणीने तिची जागा दिली, आमची काही हरकत नाही. पण आमचा नियम आहे. या मातीत जो झोपेल त्याने मंडळीसमोर सांगायचं, की विश्वासणारे महासंकटातून जातील आणि मगच उचलले जातील."

मी म्हटलं, "महासंकटातून मी जाऊन आले, गार्लंड. तू तेव्हा दुपट्यात होतास."

लोक हसले. पुढच्या बाकावरची ती जाडी तर रुमालात तोंड घालून हसली. गार्लंडचे कान लाल झाले. "हे उत्तर झालं नाही."

"मग प्रश्न बरा विचार."

"आधी की नंतर? एवढंच सांगा. एक शब्द सांगा ना, काकू."

काकू म्हणाला. बहीण विसरला. लहानपणी आपल्या ओट्यावर मक्याची भाकरी खायला यायचा तेव्हा म्हणायचा तसं. त्याचा शेंबूड मी पुसलाय. त्यालाही मला नाही म्हणायचं नव्हतं, झेला, हे मला दिसलं. त्याला फक्त तो एक शब्द हवा होता, म्हणजे रात्री त्याला झोप लागली असती.

शब्द जिभेवर आला होता. नंतर. म्हटला असता की काम झालं. कुणाचं काही गेलं नसतं. खिडकीतून वरचा उतार दिसत होता, गवत कापून ठेवलेलं, सजावटीच्या रविवारसाठी. फुलं घेऊन लोक येतील, कबरी साफ करतील, चादरी पसरून जेवतील, कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन जेवणं. मी सगळं पाहिलं आणि तोंड उघडलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुलाही माहीत नाही. तुझ्या बापालाही माहीत नव्हतं, आमच्या आईच्या चादरीवर रंग मात्र भरपूर लावला त्याने."

आता कुणी हसलं नाही. गार्लंडने पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मग मला जागा देता येणार नाही, काकू."

"नको देऊस," म्हटलं, आणि बसले. उभं राहून पाय भरून आले होते.

तू गाडीपाशी रागावलीस. "एक शब्द होता, ऑर्फा! हट्टी म्हातारे, एक शब्द!" एवढ्या मोठ्याने ओरडलीस की पार्किंगमधलं कुत्रं भुंकायला लागलं. मग सुक्या सफरचंदाचा केक माझ्या हातात कोंबलास. अजून तसाच करतेस, थर पातळ, मसाला कमी.

हट्ट नव्हता तो. लग्न झाल्यापासून होबार्ट म्हणाला आधी, मी म्हटलं आधी. खांब धरून उभी राहिले आणि आधी, आधी म्हणत राहिले. आता मरताना दुसऱ्या एका पुरुषाने सांगितलं म्हणून नंतर म्हणायचं? मी थकलेय, झेला. एवढंच. त्या दोन्ही शब्दांनी थकलेय.

म्हणून जागा तुझी तुझ्याकडे राहू दे. तूच झोप तिथे. मात्र एक काम सांगते, ते गाडीपाशी ओरडून सांगता आलं नसतं.

डेन्झिलला मोठा आवाज सोसत नव्हता. हे तुला माहीत नसेल, तू तेव्हा आर्व्हिलच्या कामामागे ओहायोत होतीस. पलीकडच्या डोंगरावर कोळशासाठी सुरुंग उडवायचे. आधी भोंगा व्हायचा. भोंगा झाला की तो असेल तिथून धावत यायचा, माझ्या एप्रनमध्ये डोकं खुपसायचा, आणि मी दोन्ही हातांनी त्याचे कान झाकायचे. सुरुंग उडायचा, ताटं हलायची. मग तो डोकं बाहेर काढून विचारायचा, "संपलं?" मी म्हणायचे, संपलं. मग जायचा पुन्हा खेळायला. तीन वर्षांचा असेपर्यंत रोज हेच. मग ताप आला आणि आठवड्यात गेला.

त्याला खाली उतरवत होते तेव्हा भोंगा झाला. पाळक प्रार्थना म्हणत होता, तो थांबला नाही. माझे हात आपोआप वर आले. झाकायला काही नव्हतं. होबार्टने ते हात धरून खाली केले, लोक बघत होते म्हणून.

तर आता शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवणारा कर्णा. आधी वाजो की नंतर वाजो, वाजणार हे तुम्हीही मानता आणि आम्हीही. कबरी फुटतील, दगड उलटे पडतील, आकाश फाटेल, हे दोन्ही देवळांत सांगतात आणि लोक आनंदाने आमेन म्हणतात. माझ्या मनात दरवेळी एकच येतं. भोंगा न होता एवढा मोठा आवाज. आणि तो उठणार कुंपणाजवळ, एकटा.

काही जण म्हणतात सगळे तेहेतीस वर्षांचे होऊन उठतील, म्हातारे आणि पोरं सगळी सारखी. मी आमच्या जुन्या पाळकाला विचारलं होतं, मग मी त्याला ओळखू कशी, तेहेतीस वर्षांचा डेन्झिल मी पाहिलेला नाही. तो म्हणाला, देव ओळखवेल. बरं. तेहेतीसचा उठला तर तुला काही करायला नको, दाढीवाला माणूस स्वतःचे कान स्वतः झाकेल. पण तीनचाच उठला तर, झेला.

तुला तो आवाज ऐकू येणार नाही कदाचित. नवं शरीर मिळतं म्हणतात, पण त्यात कान आधी मिळतात की नंतर ते चादरीवर नव्हतं. बहिरीच उठलीस तर उत्तमच, तू दचकणार नाहीस. उठल्यावर सगळे पूर्वेकडे बघतील. तू बघू नकोस. प्रभूने वाट पाहिली तर चालेल, त्याला सवय आहे. तू आधी डावीकडे वळ. तो तुझ्या डाव्या हाताला आहे. त्याला जवळ ओढ आणि कान झाक. बोटं घालायची नाहीत, पूर्ण तळवे ठेवायचे, घट्ट. तो विचारेल तेव्हा संपलं म्हण, मगच हात काढ.

आणि सांग की आई फाटकाकडून निघाली आहे. चढ आहे, मधे कुंपण आहे, म्हातारीला थोडा वेळ लागेल.

येत्या रविवारी सजावटीला मी येणार. आमच्या बाजूने जेवण आणीन, राजमा आणि मक्याची भाकरी. तू तुमच्या बाजूने कुंपणाजवळ बस. बाकीच्यांना बघायचं तर बघू देत.

तुझी बहीण, डेन्झिलची आई,
ऑर्फा