आक्का, ऋतुजाला तू वळवलंस का?

प्रिय आक्का,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि आज पहिल्यांदा तुला लिहायला बसलोय. जिवंत होतीस तेव्हा मिरजेहून तुझी पत्रं यायची आणि मी उत्तराला "पुढच्या रविवारी येतोच आहे" एवढंच कळवायचो. आता ती सोय राहिली नाही.

कारण तसंच निघालंय. गेल्या आठवड्यात आपला विजय कुपवाडच्या कारखान्यातून घरी आला, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही आणि म्हणाला, "आप्पा, ऋतुजा बाप्तिस्मा घ्यायचा म्हणती. आत्यानंच नादी लावलं तिला. बी.एड.ला दोन वर्सं मिरजेला तिच्याजवळ ठिवली, तितंच घात झाला!"

मी म्हटलं, "आक्का गेली आता. गेलेल्या माणसावर कशाला ढकलतोस?"

"मग तुमी जावा पाचगणीला तिच्या शाळेवर. तुमचं ऐकती ती. जत्रेच्या आत समजवा. न्हाई समजली तर जत्रंला घरात पाय ठेवायचा न्हाई तिनं. मी सांगून ठिवतो."

माझ्या मुलानं त्याच्या मुलीबद्दल हे बोलावं? आणि मी त्याला काही बोललो नाही. कारण त्याचा प्रश्न माझ्याही पोटात होताच. म्हणून आधी तोच विचारून टाकतो. आक्का, ऋतुजाला तू वळवलंस का?

तुला हसू येत असेल. साठ वर्षांपूर्वी सगळं गाव तुझ्याबद्दल हेच विचारत होतं. शेतकऱ्याची पोर नर्सिंग शिकायला मिरजेला जाते काय आणि दुसऱ्याच वर्षी ख्रिस्ती होते काय! कुणी म्हणालं पैसे दिले, कुणी म्हणालं पाण्यातून काहीतरी पाजलं. मग बाप म्हणून दादा दोघा चुलत्यांना घेऊन, काठी घेऊन त्या पाद्र्याला जाब विचारायला गेले. संध्याकाळी परत आले. काठी दारामागं ठेवली आणि आईला म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला काय मारायचं? दोनदा माघारी लावून दिली म्हनतोय, घरी इचारून ये म्हणून. त्याचंबी ऐकंना ती."

आई म्हणाली, "कुणाच्या पोटची हाय?"

"तुझ्याच," दादा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मग तो देवऋषी आणला, आठवतं? पाटावर बसवून तुझ्यावरनं लिंबू उतरवलं आणि ते तीन वाटांच्या तिकटीवर टाकून या, मागं बघू नका म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, "द्या, मीच टाकते." आत गेलीस. थोड्या वेळानं सगळ्यांना सरबत आलं. पहिला पेला देवऋषीला! त्यानं तो संपवला, मिशी पुसली आणि मग लिंबाची चौकशी केली. दादा रागानं लाल झाले होते, पण अंगणात जाऊन हसले ते मी पाहिलं. त्यानंतर तुला परत आणायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. माझ्या आठवणीत तरी नाही.

मला मात्र तू सोडलं नाहीस! मी कुपवाडच्या कारखान्यात लेथ मशिनवर लागलो तेव्हा तू मला स्तोत्रांचं पुस्तक दिलंस. मी ते आठवड्यात वाचून काढलं. तुला वाटलं, बाळू आला. मी म्हटलं, "आक्का, लय गोड हाय. वाचताना अभंगासारखं लागतंय. अजून असलं काय हाय का?" तू कपाळावर हात मारून घेतलास.

पण दोष तुझाच. कवितेचं वेड मला कुणी लावलं? शाळेला जाताना ओढ्यापासून वडापर्यंत तू एक कविता म्हणायचीस आणि वडापासून शाळेपर्यंत ती मी म्हणायची. मास्तर नुसतं पाठ करून घ्यायचे, चाल तुझी असायची. पुढं एकदा तुझ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मागच्या बाकावर येऊन बसलो होतो. गाणं सुरू झालं आणि मी दचकलोच. चौथीतल्या कवितेची चाल! शब्द वेगळे, पण चाल तीच, आपल्या ओढ्याकाठची. तू पुढच्या बाकावरून डोळे मिटून गात होतीस. मला तेव्हा वाटलं, ही कुठं गेलीच नाही. बाहेर आल्यावर तुला तसं म्हटलं तर तू म्हणालीस, "गेले रं बाळू. गेले. तू उगीच मनाची समजूत घालू नको." तेवढं मला लागलं. अजून लागतं.

असो. पाचगणीला गेलो. वाईपासून घाट चढेपर्यंत मनात भाषण जुळवत होतो. ऋतुजा स्टँडवर आली होती. तिच्या शाळेचा या भानगडीशी काही संबंध नाही, तिथं ती नुसती गणित शिकवते. मला तिनं एका टपरीवर भजी खायला घातली आणि म्हणाली, "आप्पा, भाषण आत्ता करणार की चहा झाल्यावर?"

"तुला कसं कळलं?"

"तुमचे ओठ हलत होते एसटीतून उतरताना."

मग भाषण कसलं करणार? मी सरळ विचारलं, "तुला आक्कानं सांगितलं का हे कर म्हणून?"

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "आक्काआजीला शेवटी दिसत नव्हतं. रोज संध्याकाळी मी तिला बायबल वाचून दाखवायचे. मी विचारलं होतं तिला, मी तुझ्यासारखी होऊ का? ती चिडली. म्हणाली, माझ्यासाठी वाचतीयास, तेवढं वाच आणि विसरून जा. तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

"मग विसरली का नाहीस?"

"नाही विसरता आलं, आप्पा."

मी देवाधर्माच्या चार गोष्टी सांगितल्या. कुळाचार सांगितला. अगदी चौथीतली एक कविताही म्हणून दाखवली! तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, कवितेला मान डोलावली आणि जागची हलली नाही. म्हणजे पाद्र्यानं तुला थांबवायला बघितलं, तू हिला थांबवायला बघितलंस, मी हिला परत न्यायला गेलो, आणि जमलं कुणालाच नाही. लोक म्हणतात, माणसाला धर्म बदलायला लावतात. असतील लावत. आमिषानं, धाकानं नावंही बदलत असतील. पण आपल्या घरात दोनदा बघितलं ते उलटंच. इथं जो तो अडवतच होता.

निघताना तिनं एकच विचारलं. "आप्पा, मी जत्रेला येऊ ना?"

मी म्हटलं, "बघू." एसटी सुटल्यावर त्या शब्दाची लाज वाटली.

घरी आलो तर विजय दारातच. "समजली?"

"न्हाई."

"मग जत्रंला नको. मटण देवाला दाखवणार, ती त्याला शिवायची न्हाई. चारचौघांत पोरगी पानावर हात धरून बसली तर आमी काय सांगायचं लोकांना?"

तेव्हा त्याला मी आईचं सांगितलं. आक्का, हे त्याला माहीतच नव्हतं! ख्रिस्ती झाल्यावर पहिल्या जत्रेला तू मूर्तीपुढं दाखवलेलं खाणार नाही म्हणालीस आणि सगळ्या पंगतीत भाकरी-ठेचा खाऊन उठलीस. आईनं ते बघितलं. बोलली काहीच नाही. आपल्या घरात निवद दाखवायच्या आधी मिठाचा अंदाज घ्यायलाही कुणी रस्सा जिभेला लावत नाही. पण पुढच्या वर्षी आईनं रस्सा उकळल्याबरोबर, निवदाचं ताट भरायच्या आधी, तुझं पातेलं काढून बाजूला झाकून ठेवलं. थोरली चुलती किंचाळली, "आगं, देवाच्या आदी पोरीला?" आई म्हणाली, "देवाला घाई न्हाई. पोरीची एसटी हाय."

आई होती तोवर दरवर्षी तसंच केलं. पुढं विजयच्या आईनंही तेच चालवलं.

विजय खाली बघत होता. "मला वाटायचं, आत्याला गाडी गाठायची म्हणून आदी वाढत्यात." मग विचारलं, "आन् देवाला चाललं?"

"देवानं कधी तक्रार केली न्हाई. चुलतीनं केली."

तो हसला नाही. पण सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, ती पुढं आली आणि म्हणाली, "आप्पा, ऋतुजाला फोन लावून द्या मला." मी लावून दिला. आठ दिवसांत ती पोरीशी बोलली नव्हती. काय बोलली? "जत्रंला येताना साडी नेस. त्या शर्टात येऊ नको, काकवा बोलत्यात." बस. आणि तोंडाला पदर लावून आत गेली. विजय तिथंच बसून होता. हो म्हणाला नाही. पण फोन हिसकावूनही घेतला नाही, आक्का.

तू बरोबर होतीस असं मी आजही म्हणणार नाही. ऋतुजा बरोबर आहे असंही नाही. मला दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही. तिला परत वळवायचा प्रयत्न मी अधूनमधून करीनच, आणि तुझं रक्त आहे, तीही मला सोडायची नाही. पण तुला वचन देतो: हा वाद जत्रेच्या पंगतीत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून होईल. माझ्या हयातीत तो दाराबाहेर जाणार नाही.

तुझा धाकटा,
बाळू