स्ट्रॅथकेरनच्या सभासदत्वाचे काय करावे

मी, बायजाबाई तुकाराम कातळकर, वय ६९, मूळ राहणार मौजे कोळोशी, तालुका कणकवली, सध्या मुक्काम हाइल, सौदी अरेबिया, मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणी दटावले म्हणून नाही. डोके ठिकाणावर आहे. साखर थोडी वर असते, ती गोळीने खाली येते. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचे वाचन माझे मी केले, म्हणून कायद्याचा शब्द कुठे चुकला तर अर्थ पाहावा. एक गोष्ट मात्र मला अजून समजलेली नाही. ती न समजताच मी लिहायला बसले आहे. ती पाचव्या कलमात येईल.

१. देहाबद्दल. मी इथे गेले तर मला कोळोशीला न्यावे. माझे पती तुकाराम डिसेंबर २०२३ मध्ये हाइललाच गेले. आपल्या लोकांचे दहन इथे होत नाही. कागद पुरे होऊन ते गावी पोचायला अठरा दिवस लागले. दोष कोणाचा नव्हता, एका कागदाला दुसरा कागद हवा होता. ते अठरा दिवस मी घरात नुसती बसून होते. रडावे तर अजून काही झालेले नाही असे वाटे, आणि चहा करताना हात दोन कपांकडे जाई. अजूनही जातो. माझे कागद फ्रिजवरच्या लाल फाइलमध्ये एकत्र ठेवले आहेत. नागेशने शोधाशोध करू नये.

२. कोळोशीचे घर आणि भोवतालची चौदा गुंठे जागा मुलगा नागेश व मुलगी अमिता यांना निम्मी निम्मी. अमिता दर मे महिन्यात चिपळूणहून जाऊन घर शाकारून घेते, म्हणून पडवीकडची बाजू तिने आधी निवडावी. नागेशने तोंड वाकडे करू नये. त्याने दहा वर्षांत एक कौल हातात घेतलेले नाही.

३. माझ्या पाटल्या सून अनिता हिला. तिने त्या घालाव्यात. लॉकरमध्ये ठेवायच्या असतील तर अमिताला द्याव्यात, तिच्याकडे लॉकर नाही.

४. कॅसेटी. तुकाराम १९८४ पासून हाइलबाहेरच्या एका गव्हाच्या शेतीवर पंपफिटर होते आणि कॅम्पात राहत. मी मुलांना घेऊन गावी. गावात फोन नव्हता. कॅम्पातले लोक पत्राऐवजी कॅसेट भरत आणि जो सुट्टीवर निघेल त्याच्याकडे गठ्ठा देत. अशा एकेचाळीस कॅसेटी माझ्याकडे होत्या. आता अडतीस आहेत. उरलेल्या तिनांवर माझे धाकटे दीर ज्ञानेश यांनी १९९१ च्या शिमग्यात डबलबारी भजन टेप केले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "वहिनी, त्यात होतं काय? फुटबॉलच तर होता." नवऱ्याच्या आवाजावर दुसऱ्या बुवांचा आवाज चढला, हे मी पस्तीस वर्षे विसरलेले नाही, आणि मेल्यावरही विसरणार नाही असे इथे लिहून ठेवते. ज्ञानेशभावोजींना माझा टेपरेकॉर्डर द्यावा. कॅसेट एकही देऊ नये. वर पुन्हा कोणी टेप करू नये म्हणून सगळ्या कॅसेटींच्या मागच्या चिपा मी मोडून ठेवल्या आहेत.

५. आता सभासदत्व.

कॅसेट साठ मिनिटांची असे. पैसे पोचले का, गाय व्याली का, नागेशचे दात, हे वीस मिनिटांत संपे. मग उरलेल्या कॅसेटीत तुकाराम स्ट्रॅथकेरनबद्दल बोलत. त्यांचे फोरमन लेनॉक्स साहेब स्कॉटलंडचे. त्यांच्या गावचा फुटबॉल क्लब स्ट्रॅथकेरन अ‍ॅथलेटिक, लहानसा, खालच्या गटातला. शनिवारी संध्याकाळी साहेब रेडिओ लावून निकाल ऐकत, तुकाराम शेजारी बसत. बसून बसून त्यांनाही तो क्लब लागला, जसा माणसाला एखादा पानवाला लागतो.

मला हे काही ठाऊक नव्हते. क्लबातल्या माणसांबद्दल ते आपल्या खोलीतली असावीत तसे बोलत. "आमचा डोनाल्ड गुडघ्याने बसलाय. आता गोलात कोण उभं राहणार, देव जाणे." मी समजले, डोनाल्ड ह्यांच्या बाजूच्या खाटेवर झोपतो आणि गोल हे पंपाचे काही तरी असणार. परदेशात माणूस, आई जवळ नाही, गुडघा सुजलेला. मी ग्रामदेवतेला नारळ बोलले, निरगुडीचे तेल काढले आणि सुट्टीवर आलेल्या बाळारामकडे बाटली दिली. बाळाराम वेल्डर, तुकारामच्या खोलीतला. त्याने विचारले, "वयनी, ह्या कोणाक?" मी म्हटले, "डोनाल्डला, सकाळ-संध्याकाळ चोळायला सांगा." बाळाराम एवढा हसला की मला तो उद्धट वाटला. खरे काय ते त्यानेही सांगितले नाही.

तेल लेनॉक्स साहेबांनी स्वतःच्या गुडघ्याला लावले. गुण आला. पुढच्या रजेहून परतताना त्यांनी तुकारामच्या नावाने स्ट्रॅथकेरनचे सभासद कार्ड आणले, "तेलाबद्दल" म्हणून. पुढे क्लब बुडायला आला तेव्हा सभासदांनीच तो चालवायला घेतला, आणि त्या कार्डाला एक मत आले. डोनाल्ड म्हणजे क्लबाचा गोलकीपर, हे मला २००९ साली, मी इथे राहायला आले तेव्हा कळले. नारळ तोवर कधीच फोडून झाला होता.

तुकारामच्या वह्या अकरा आहेत. डाव्या पानावर त्या त्या महिन्यात बोअरचे पाणी किती फुटांवर, उजव्या पानावर स्ट्रॅथकेरनचा निकाल, मैदानात आलेली माणसे आणि शेवटच्या रकान्यात शेरा. पाणी दोनशे फुटांवरून सुरू होते आणि पाचशेच्या खाली जाते. मग गहू बंद झाला, डावी पाने कोरी आहेत. माणसे १९८६ साली एका सामन्याला एकवीसशे, आता तीनशे बारा. हेही मला कळते. पाणी दोरीने मोजले, माणसे दारात मोजली.

मला कळत नाही तो शेवटचा रकाना. तुकाराम गेल्यावर मी शब्दकोश घेऊन सभासदांना टपालाने येणारे क्लबाचे छापील अंक वाचायला शिकले, आणि वह्या पहिल्यापासून वाचल्या. १९८६ चा शेरा: दर्जा घसरला. १९९४: दर्जा फार घसरला. २००३: आता दर्जा उरला नाही. २०११: पूर्वीचा दर्जा नाही. मग पूर्वीचा म्हणजे कधीचा? जिथून घसरायला सुरुवात झाली ते वर्ष मी अकरा वह्यांत शोधले. सापडले नाही. लेनॉक्स साहेब आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना पत्र घातले. त्यांनी लिहिले की १९८६ ला सगळे संपलेलेच होते, खरा खेळ त्यांनी लहानपणी पाहिला. पण त्यांचे वडील तेव्हाच म्हणत की खरा खेळ युद्धाआधी होता. वडिलांचे वडील काय म्हणत, हे विचारायला कोणी उरलेले नाही.

त्यातून गेल्या नोव्हेंबरात स्कॉटलंडचा देशाचा संघ वर्ल्ड कपला पोचला. १९९८ नंतर पहिल्यांदा. तुकाराम पंचवीस वर्षे वाट पाहून गेले, आणि दोन वर्षांनी हे झाले. नागेशने सकाळी सांगितले तेव्हा मी फोटोपुढे शिरा ठेवला आणि साहेबांना विचारले, मग दर्जा वर आला का? उत्तर आले की तो देशाचा संघ, त्याने काही सिद्ध होत नाही, दर्जा घसरलेलाच आहे. मी पत्र दोनदा वाचले. माझे इंग्रजी कमी पडते की आणखी काही, ते कळेना.

आता प्रश्न असा आहे. क्लबाचे पत्र आले आहे. माणसे येत नाहीत, खेळाडू मिळत नाहीत. शेजारच्या गावच्या क्लबात, ज्याच्याशी शंभर वर्षे वैर, विलीन व्हायचे की आहे तसे चालवायचे, यावर २८ फेब्रुवारीला सभासदांचे मत आहे. तुकारामचे कार्ड वारस म्हणून माझ्या नावे झाले आहे. माझ्यामागे कोण, तेही मी कळवायचे आहे. नाव दिले नाही तर कार्ड माझ्याबरोबर संपेल.

नागेश म्हणाला, "आई, खलास कर आता. इथे जगातले मोठे खेळाडू येऊन खेळतात, लोकांना तिकीट मिळत नाही, आणि तू तीनशे माणसांचा क्लब धरून बसलीस."

अमिता फोनवर म्हणाली, "बाबा त्यात काय बघायचे, ते मला कधी कळलं नाही. तुला कळलं असेल तर मला सांग."

मलाही कळलेले नाही, तर सांगू काय?

नात क्षितिजा पंधरा वर्षांची आहे. इंग्लंडचा आणि इथला फुटबॉल पाहते, त्यातले तिला समजते. मी तिलाच मोबाइलवर स्ट्रॅथकेरनचा सामना लावून द्यायला सांगितले. पाऊस होता. एकच कॅमेरा, त्याच्यासमोर एक माणूस छत्री धरून उभा. चेंडू मैदानाबाहेर ओढ्यात गेला तर खेळ थांबला आणि गोलकीपर स्वतः काठी घेऊन गेला.

"आजी, ये क्या है? ह्याला काही स्टँडर्डच नाही."

"आधी होतं का?"

"मला काय माहीत? मी तर आज पहिल्यांदा बघतेय."

एवढे सरळ उत्तर मला दोन वर्षांत कोणी दिले नव्हते. चेंडू ओढ्यातून निघेपर्यंत ती बघत राहिली. स्ट्रॅथकेरन दोन-शून्य हरले. मोबाइल ठेवताना म्हणाली, "नेक्स्ट सॅटर्डे कुणाशी आहे?"

म्हणून सभासदत्व, अकरा वह्या आणि कोरी बारावी वही क्षितिजा नागेश कातळकर हिला देत आहे. तिला क्लब आवडावा अशी अट नाही. कंटाळा आला तर तिने क्लबाला तसे लिहून मोकळे व्हावे, माझ्या फोटोकडे बघत बसू नये. येत्या २८ तारखेचे मत मी स्वतः देणार आहे: आहे तसे चालवावे. तोवर माझे काही झाले तर क्षितिजाने तिच्या मनाने द्यावे.

बारावी वही अगदी कोरी नाही, ते सांगायचे राहिले. तुकारामनी अकरावीत शेवटची ओळ इस्पितळातून लिहिली. त्या शनिवारी तिकडे बर्फ पडून सामना पुढे गेला, म्हणून निकालाची जागा रिकामी. तो सामना दीड महिन्याने झाला, एक-एक. ह्यांच्या अक्षराशेजारी माझे अक्षर नको वाटले, म्हणून बारावी वही आणून त्यात पहिली ओळ ती लिहिली. तेव्हापासून दर शनिवारचा निकाल आणि माणसे मी लिहिते. शेऱ्याचा रकाना दोन वर्षे मोकळा ठेवला आहे. कशाहून घसरला ते ठाऊक नसताना घसरला कसे लिहू? क्षितिजाने तो भरावा. घसरला असेल तर घसरला लिहावे, पण तो सामना पाहिल्याशिवाय लिहू नये.

६. तुकारामचा चोवीस इंची पाइप-पाना बाळारामला द्यायचा होता. साक्षीदाराला काही देऊ नये असे नागेश म्हणतो, म्हणून तो मी कालच देऊन टाकला. बाकीची हत्यारे नागेशला.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. नंतर बदलले तर त्यावर याहून पुढची तारीख असेल.

साक्षीदार माझ्यासमोर बसले आहेत. शेजारच्या खैरुन्निसाबाई म्हणतात, "आपा, दस्तखत कर दूँ? मगर ये स्ट्रॅथकेरन है किधर?" बाळाराम त्यांना म्हणतो, "पहले साइन करो, बाद में ये बताएगी, दो घंटा लगेगा." आणि मला हळूच, "वयनी, डोनाल्डाक पण एक सही मारूक सांगूया?" ह्या वयातही तो उद्धटच आहे. लिहून ठेवते.

सही: बायजाबाई तुकाराम कातळकर

साक्षीदार:
१. बाळाराम सखाराम मेस्त्री, वेल्डर, हाइल
२. खैरुन्निसा गफूर, परिचारिका, हाइल

स्थळ: हाइल
दिनांक: शनिवार, ३१ जानेवारी २०२६, संध्याकाळी पावणेसहा. सामना सहाला आहे. क्षितिजाने मोबाइल लावला आहे.