गुंड्याची भावकी

प्रिय सचिन,

आधी एक उडी मारून घे, मग पुढे वाच. गुंड्या निर्दोष आहे! आत्ताच माझ्या प्रयोगशाळेतून घरी आलेय, घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आईच्या पायाची जखम काही केल्या भरेना, डॉक्टर अंगठा काढावा लागेल म्हणाले, तपासणीत औषधांना दाद न देणारे जंतू निघाले, आणि सगळ्या गल्लीनं बोट दाखवलं ते गुंड्याकडे, आपल्या कुत्र्याकडे. तो रोज तिच्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा ना! आई म्हणाली, कुत्रं घरात नको. तू त्याला टेम्पोत घातलंस आणि नोकरीच्या गावी, खर्ड्याला निघून गेलास. तेव्हापासून फोनवर तुझं आपलं 'हं' आणि 'बघू'.

दिवाळीत मी खर्ड्याला येऊन जंतू तपासायला गुंड्याच्या नाकात कापसाची काडी फिरवली, तेव्हा केवढा डाफरला होतास! त्याच काडीनं आज त्याला सोडवलं. मग मला चेवच आला. राहात्यातल्या आपल्या गल्लीतली कुत्री, मांजरं, पुष्पावतीकाकूंचा पोपटसुद्धा सोडला नाही. त्यानं माझं बोट फोडलं. अरे, एकेका नाकात काय दुनिया असते! जंतूंची जात एकच, पण जनुकांची ठेवण प्रत्येकाची निराळी. गुंड्याचे जंतू तर इतके गरीब, की जंतू वाढवायच्या बशीत ठेवलेल्या प्रत्येक औषधाच्या चकतीभोवती मरून स्वच्छ रिंगण पडलेलं. आईचे मात्र चकत्यांना खेटून वाढलेले. आज जनुकांचा अहवाल आला आणि मी ओरडलेच. आडनाव एक, पण भावकी वेगळी! आईचे जंतू गल्लीतल्या एकाही जनावराशी जुळत नाहीत.

ते आले कुठून, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आईची सवय तुला ठाऊक आहे. दुखणं उतरलं की गोळ्या बंद, आणि उरलेलं पाकीट पुष्पावतीकाकूंकडे. त्यांचं उरलेलं आपल्याकडे, भाजीच्या वाटीसारखं. अर्धवट गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत रे, उरतात ते निर्ढावलेले. बशी बघितली त्याच दिवशी मी हे आईला सांगितलं. 

एका चकतीभोवती मात्र आईच्या बशीतही रिंगण होतं. डॉक्टरांनी तेच औषध सुरू केलं, आणि या वेळी तिनं एकही गोळी वाटली नाही. अंगठा वाचला, सचिन! काल ती पेरूच्या बागेपर्यंत चालत गेली.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आईच म्हणाली, "फोनवर त्यो बघू म्हनंल. तू कागदावर लिही. म्हनावं, गुंड्याला घिऊन ये. त्याचं काय चुकलं न्हाई, माझं चुकलं." शेजारीच बसलीय ती. संध्याकाळी भाकऱ्या थापताना अजून एक जास्त होते तिच्याकडून. मग ती हातात घेऊन दारात उभी राहते, आणि कुणाला घालायची ते तिला सुचत नाही. या रविवारी दोघंही या.

तुझीच,
यशोधराताई