आंब्याला दाखवलेला कोयता

आई, विहिरीजवळचा आंबा उद्या तोडणार आहेत. दादाला तिथे गाडीसाठी शेड करायचीय. "चार वर्षं झाली, एक कैरी नाय त्याला. पूजा करायची का त्याची?" असं त्यानं मला फोनवर ऐकवलं. मी नुसतं हं म्हटलं.

न धरणाऱ्या झाडाला आपण कोयता दाखवायचो, आठवतं? तू पदर खोचून बुंध्यापुढे उभी राहायचीस आणि कोयता उगारून ओरडायचीस, "तोडतेच आता मेल्याला!" मग मी धावत येऊन तुझा हात धरायचा आणि म्हणायचं, "नको आई, पुढच्या साली धरेल तो." राग खोटाच, पण तुझा चेहरा इतका खरा व्हायचा की मला भीती वाटायची. नेम एकच होता. उगारलेला कोयता कुणी नको म्हटल्याशिवाय खाली घ्यायचा नाही.

कॉलेजात विज्ञान घेतलं त्या वर्षी मी ओट्यावर बसून फिदीफिदी हसले. "झाडाला कान असतात का गं?" तू हात उगारून तशीच उभी. "अगं बोल की, लय भरून आला हात." मी हट्टानं गप्प राहिले. मग तू खरंच घाव घातलास. साल फाटून आतलं पांढरं दिसलं, आणि तू माझ्याकडे न बघता मेथीच्या जुड्या बांधायला बसलीस. त्या वर्षी झाड असं मोहोरलं की पान दिसेना. आंबे उतरवायला मात्र तू राहिली नाहीस. ताप डोक्यात गेला, असं लोक म्हणाले. मी नको म्हटलं नव्हतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता मी प्रयोगशाळेत टोमॅटोच्या रोपांना तारा जोडते, पगार त्याचाच मिळतो. एका पानाला कात्री लावली की थोड्याच वेळात लांबच्या, धडधाकट पानापर्यंत विजेची बारीक लाट पोचते आणि पडद्यावरची रेघ उठते. मग ते पान किड्यांना नकोसा होईल असा रस करू लागतं. शेजारचं रोपसुद्धा वासावरून सावध होतं. कान नसतात गं, पण कळतं त्यांना. हे सगळं पुस्तकात आहे. परवा भर दुपारी जे झालं, ते नाही. मी कात्री नुसती उचलली, पानाला लावलीही नव्हती, तर रेघ उठली. तार हलली असेल, माझा श्वास लागला असेल, म्हणून पुन्हा उचलली. पुन्हा उठली. आणि माझा हात खाली येईना. खोलीत मी एकटी, हात भरून आला. शेवटी मीच पुटपुटले, "नको आई." रेघ खाली बसली.

काल घरी जाऊन आले. आंब्यावरच्या तुझ्या घावाच्या कडा आत वळल्यात, मिटलेल्या ओठांसारख्या. तोडू नको म्हणून दादाला सांगायला तोंड उघडलं, तर तो हसला, अगदी मी तेव्हा हसले होते तसा. मी चहा पिऊन निघाले, आणि निघताना तुझा कोयता पिशवीत घातला. तोडणारे आपली करवत घेऊन येतील, एवढं मला कळत नाही का? तरी आणला. इथे प्रयोगशाळेत, माझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय. खण मी उघडलेला नाही.

सकाळपासून सगळ्या रोपांच्या रेघा वरच आहेत, आई. आणि दादाला मी अजून फोन लावलेला नाही.