सैल नजर

बुधवार, संध्याकाळ. राष्ट्रीय उद्यानाजवळच्या खोलीवर.

बोटं गारठलीत, तरी लिहितेच. तीन दिवस ह्या उंच, उघड्याबोडक्या डोंगरांत दुर्बिणी लावून बसलो, पण एक शेपूट दिसलं नाही. ह्यांना तर चार पावलांत धाप लागते. बरोबरची मुंबईची मंडळी हसतात, "काका, केळव्याच्या किनाऱ्यावरच बरे होतात!" मला राग येतो. त्यात आज न्याहारीला मिठाची बरणी समोर असून हे विचारतात, "मीठ कुठं हाय गो?" सगळ्यांदेखत!

दुपारी हे दगडावर टेकले आणि म्हणाले, "त्या बघा, तिथं." गाइडलाही दिसेना. मग दुर्बिणीत अख्खा कळप, डोंगरी बकऱ्या, दगडाच्याच रंगाच्या. एक पिल्लू दूध पीत होतं. मला रडूच आलं, का कुणास ठाऊक.

गाइड ह्यांना विचारतो, कसं दिसलं? "होडीवरून जाळ्याचा तरंगता बोया शोधतो तसं. टक नाय लावायची, नजर सैल सोडायची. दर्यात सगळंच हालतं, तरी आमी वळखतो. इथं तर काय हालतच नाय. सोपं हाय."

सोपं म्हणे! मंडळी आता ह्यांच्याच शेजारी दगडावर येऊन बसली.

आत्ता जेवताना परत, "मीठ कुठं हाय गो?"

मी म्हटलं, "नजर सैल सोडा."