वांग्याचं थालीपीठ

राहाता, ५ फेब्रुवारी २०२४

ती. लिडियामावशीस, आराधनाचा सा. सलाम, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून सांगावं असं हे नाही, म्हणून पत्र. लग्नाला तीन महिने झाले. माझ्या पदरात नवरा नव्हे, दात येणारं बाळ पडलंय! डेअरीत कॅन उघडताच दूध नासलंय हे ओळखणारा हा सहाफुटी डेव्हिड ताटात भेंडी दिसली की ओकाऱ्या काढतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तळलेला बटाटा, उकडलेलं अंडं आणि थालीपीठ, या पाच पदार्थांवर त्याने बत्तीस वर्षं काढली. कालवणाचा थेंब लागला की भाकरी बाद. शेजारच्या रंगुबाईसुद्धा म्हणाल्या, की तुमचा नवरा लई नाजूक हाय. शाळेत मी साठ पोरं सरळ करते, हा एक होत नाही?

रविवारी चर्चची मंडळी जेवायला येणार आहेत. वांगं भाजून, घोटून थालीपिठात घालणार आहे. त्याचं खाऊन झालं की सर्वांदेखत सांगेन, नाटक संपलं म्हणून.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आराधना

संगमनेर, ८ फेब्रुवारी

चि. आराधनास अनेक आशीर्वाद.

तुझी अक्कल शाळेच्या फळ्यावरच राहते का गं? तीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं. तुझ्यासारखी हुशारी मीही केली होती. अल्मास नावाच्या मुलीचं नाक दाबून तोंडात दुधीची भाजी कोंबली. ती ओकली, आणि पुढे वर्षभर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईना. ओकारी नाटकाने येत नाही, बये. तुला जे नुसतं बुळबुळीत लागतं, ते त्याला गोगलगाय गिळल्यासारखं लागत असेल.

थालीपिठात काही लपवू नकोस. नवं द्यायचं तर वेगळ्या बशीत, चिमूटभर, सांगून. त्याला बघू दे, हात लावू दे, हुंगू दे, जिभेला लावून थुंकू दे. खा म्हणून मागे लागू नकोस. महिने लागतात. साठ पोरं सरळ करतेस म्हणे! कीव येते मला त्यांची.

रागावलीस तरी लिहीत जा.

लिडियामावशी

राहाता, १६ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. सलाम, वि. वि.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. मी रविवारीच दिवे लावून बसले होते. पहिल्याच घासाला त्याचा चेहरा पांढराफटक पडला. अंगणात जाऊन तो ओकला. मंडळी हसली, आणि सर्वांत मोठ्याने मी हसले. तोंड धुऊन आल्यावर तो एवढंच म्हणाला, की आधी सांगितलं असतंस तर मी चाखून पाहिलं असतं.

तेव्हापासून तो माझ्या हातचं काही खात नाही. स्वतः भाकरी थापतो, डबा स्वतः भरतो. थालीपीठ तर त्याने कायमचं सोडलं. पाचातला एक पदार्थ मी घालवला. आता मला माझीच शिसारी येते. काय करू?

तुझी नालायक भाची,
आराधना

संगमनेर, २१ फेब्रुवारी

चि. आराधनास आशीर्वाद.

आधी माफी माग, मध्ये ‘पण’ न घालता. मग त्याने थापलेली भाकरी मागून घे आणि नावं न ठेवता खा. काय चाखायचं ते तो निवडेल, तोच शिजवेल. तू गप्प बसायचंस. तुला तेच जड जाणार.

चिडले असले तरी तुझीच,
लिडियामावशी

राहाता, ३० जून

ती. मावशीस सा. सलाम, वि. वि.

माफी मागितली. त्याच्या जाड, कडेने करपलेल्या भाकऱ्या मी मुकाट खाल्ल्या. मग एप्रिलात बाजारातून त्यानेच पावशेर भेंडी आणली. त्या दिवशी नुसती धुतली. पुढच्या रविवारी पुन्हा ताजी आणून चिरली, पण हाताला चिकट लागताच उठून बाहेर गेला. शेवटी स्वतःच तोड काढली. भेंडी फडक्यावर कोरडी करायची, पातळ चकत्या करून कुरकुरीत तळायच्या. पहिली चकती त्याने जिभेवर ठेवून थुंकली. मी ओठ दाताखाली धरून बसले. गेल्या रविवारी तीन खाल्ल्या. वांगं तो कधीच खाणार नाही, हे मी मान्य केलंय.

परवापासून माझ्या हातचं जेवतोय. पण ताट पुढे ठेवलं की विचारतो, यात काय काय घातलंय. मी एकेक सांगते. तेवढा वेळ तो ताटाकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. मग खातो.

तुझा राग आणि तुझी माया, दोन्ही मला लागतात.

आराधना