विंगेतली रिकामी खुर्ची

दि. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजयीने चष्मा बदलला आणि आता घरातली सगळी धूळ माझ्यामुळेच झालेली तिला दिसते. तुझे गुडघे काय म्हणतात?

तू इतक्या वर्षांनी पुन्हा नाटकात उभी राहणार, असं भाचीकडून कळलं. संवाद लक्षात राहतील की नाही याची तुला धास्ती आहे म्हणे. पण प्रॉम्प्टर म्हणून माझं नाव निघताच तू म्हणालीस, "तो सोडून कोणीही चालेल." भाचीने हे जसंच्या तसं ऐकवलं. तुझीच लेक ती.

माझ्या तब्येतीचंही थोडं कळवतो. दर मंगळवारी मी दवाखान्यात एका पायातला मोजा काढून बसतो. नर्सबाई घोट्याच्या आतल्या बाजूला बारीक सुई टोचतात, तिला वायर लावतात आणि पायाचा अंगठा आपोआप वाकेपर्यंत करंट वाढवतात. मग अर्धा तास नुसतं बसायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "बाई, दुखणं वर आहे, तुम्ही पायाशी काय करताय?"

"काका, इथली नस वर लघवीच्या नसांना जाऊन मिळते. तुमची पिशवी अर्धी भरली नाही तोच आरडाओरडा करते. तिला जरा गप्प करायचंय."

हे दुखणं आजचं नाही. लग्नाला गेलो की दाराजवळची खुर्ची धरायची, कुणी चहा दिला की नको म्हणायचं. तुम्ही मला माणूसघाणा म्हणायचात. मी म्हणू दिलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या शेवटच्या प्रयोगात, तिसऱ्या अंकात, तू अडलीस आणि विंगेकडे बघितलंस. माझी खुर्ची रिकामी होती. आदल्याच आठवड्यात मला भूमिका दिली नाही म्हणून आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यामुळे मी सूड उगवला, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. ताई, मी संडासाकडे पळालो होतो, आणि पोचलोही नाही. ओल्या पँटवर कुणाचा तरी कोट गुंडाळून मागच्या दाराने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "मुद्दाम केलंस ना?" मी गप्प बसलो. लोकांनी दुष्ट म्हटलं तरी चालेल, पण हे कळायला नको, असं वाटलं. तू मात्र त्या दिवसापासून रंगमंचच सोडलास. त्याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही.

पूर्ण बरा झालेलो नाही. पण परवा तुझ्या भावजयीने मला खुर्चीत बसवून अख्खा अंक मोठ्याने वाचायला लावला. एकदाही उठलो नाही. ती म्हणाली, "आता ताईंना लिहा."

मला विंगेत बसू देशील? मध्येच घाई झालीच, तर या वेळी आधी तुझं वाक्य देईन आणि मगच उठेन. पँटचं काय व्हायचं ते होऊ दे.

तुझ्या होकाराकडे कान लावून बसलेला,
तुझा धाकटा